पोटातला गोळा, छातीवरचा दगड : अवघड भावना रूपकातून हाताळायला शिकताना

“कसं वाटतंय?” असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : “टेन्शन आलंय.” हप्त्याचं टेन्शन, मुलीच्या दहावीचं टेन्शन, आईच्या रिपोर्टचं टेन्शन. शब्द एकच, पण आत चाललेलं प्रत्येकाचं वेगळं. म्हणून समुपदेशनाला आलेल्या माणसाला मी लगेच पुढचा प्रश्न विचारते : “टेन्शन येतं म्हणजे नेमकं काय होतं?” माणूस थांबतो. हात नकळत पोटाकडे नाहीतर गळ्याकडे जातो. आणि मग खरा शब्द येतो. “पोटात गोळा येतो.” “डोक्यात भुंगा लागतो.” “सगळं गळ्याशी आल्यासारखं होतं.”

हा दुसरा शब्द म्हणजे रूपक. शाळेत अलंकार शिकताना उपमा आणि रूपक यांतला फरक आपण घोकला होता, तो इथे बाजूला ठेवू. दिसत नाही, हातात येत नाही अशा एखाद्या भावनेला दिसणाऱ्या वस्तूचं नाव दिलं की आपलं काम भागलं. मानसोपचारात त्याचा उपयोग कसा करतात, आणि नवख्या माणसाने स्वतःसाठी त्याची सुरुवात कशी करावी, ते या लेखात पायरीपायरीने सांगते. समुपदेशन नुकतंच शिकू लागलेल्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

याचा फायदा का होतो, ते थोडक्यात. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० साली मांडलं की रूपक हा भाषेवर चढवलेला दागिना नाही; आपण विचारच रूपकांतून करतो. २००७ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन एक प्रयोग केला. राग किंवा भीती दिसणारे चेहरे पाहताना लोकांनी त्या भावनेला शब्दात नाव दिलं, की मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. भावनेला नाव दिल्याने ती नाहीशी होत नाही, पण तिच्यात आणि आपल्यात हातभर अंतर पडतं. रूपक याच्याही एक पाऊल पुढे नेतं. ‘भीती’ या शब्दाचं काय करायचं ते कळत नाही. पण ‘पोटातला गोळा’ म्हटलं, की तो केवढा आहे, घट्ट आहे का मऊ, फिरतो का एका जागी बसतो, हे विचारता येतं.

पहिली पायरी : स्वतःचा शब्द पकडा

एक साधी वही घ्या, शंभर पानी चालेल. आठवडाभर एवढंच करायचं. मन बिघडलं की एक ओळ लिहायची : “आत्ता असं वाटतंय, जणू...” पुढे जे येईल ते. सुंदर लिहायचं नाही, खरं लिहायचं. काही सुचलं नाही तर आपल्या बोलण्यातल्या म्हणी आणि वाक्प्रचार आठवा, मराठीत त्यांची काही कमी नाही. जीव टांगणीला लागणं, तळपायाची आग मस्तकात जाणं, काळजाचं पाणी होणं, मनात काहूर माजणं, जिवाला घोर लागणं, पोटात तुटणं, मनावर मळभ येणं. आपण हे इतक्या सहज बोलून जातो की त्यातलं चित्र दिसेनासं होतं. ‘टांगणीला’ म्हटल्यावर काय, कशाला आणि किती उंचावर टांगलंय, हे आपण कधी बघत नाही. ते चित्र पुन्हा दिसू देणं हेच या आठवड्याचं काम.

शब्द आपला असावा, यावर माझा फार भर आहे. पुस्तकांत आणि इंटरनेटवर तयार रूपकं ढिगाने मिळतात. त्यांतली काही चांगली आहेत, पुढे मी दोन-तीन सांगणारही आहे. पण ज्याने कधी समुद्र पाहिला नाही, त्याला भावनांच्या लाटांचं काय? रत्नागिरीच्या माणसाला भरती-ओहोटी न सांगता कळते. सोलापूरकडच्या शेतकऱ्याला हराळी कळते. एका शेतकरी दादांनी आपल्या काळजीला ‘हराळी’ म्हटलं होतं, आणि मग मला समजावून सांगितलं की हराळी वरून उपटून जात नाही, तिच्या काड्या जमिनीखाली पसरलेल्या असतात, तुकडा राहिला तरी फुटते. “मग तुम्ही काय करता?” “एका हंगामात सगळं रान साफ होईल असं धरूनच चालत नाही. ज्या पट्ट्यात पेरायचंय तेवढा आधी स्वच्छ करायचा.” काळजीशी कसं वागायचं हे मला त्यांना शिकवावं लागलं नाही. ते त्यांना येतच होतं, फक्त शेतापुरतं येत होतं.

कीर्तनकाराच्या दृष्टान्तात आणि उपचारातल्या रूपकात फरक आहे तो इथेच. दृष्टान्त सांगणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे जातो. उपचारात बहुतेकदा उलटं होतं. चित्र दुखणाऱ्या माणसाकडून येतं, समोरचा फक्त ते नीट पाहायला मदत करतो.

दुसरी पायरी : ते अंगात कुठे आहे?

शब्द सापडला की शरीरात त्याची जागा शोधा. फिनलंडच्या लॉरी नुम्मेनमा आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७०१ जणांना माणसाच्या कोऱ्या आकृत्या देऊन, कोणत्या भावनेत अंगाचा कोणता भाग जागा होतो आणि कोणता थंडावतो, ते रंगवायला सांगितलं होतं. रागात छाती, डोकं आणि हात तापलेले निघाले, दुःखात हातपाय गळालेले. फिनलंड, स्वीडन आणि तैवान इथल्या लोकांची चित्रं बरीचशी जुळली. आपल्याकडे ‘हातपाय गळाले’ म्हणतात ते उगाच नाही.

पाठ टेकवून बसा, डोळे मिटायचे तर मिटा, नको असेल तर जमिनीवर एका जागी नजर ठेवा. हात त्या जागेवर ठेवा. दोन मिनिटं पुरे.

इथेच एक गोष्ट ठळकपणे सांगून ठेवते. छातीवरचा दगड कधी कधी रूपक नसतो. छातीत दाब येऊन तो हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत सरकत असेल, दरदरून घाम फुटत असेल, श्वास पुरत नसेल, तर वही मिटा आणि दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा. बायकांमध्ये हृदयविकाराची लक्षणं नुसती मळमळ, दम लागणं, प्रचंड थकवा अशीही असू शकतात आणि घरात ती ‘टेन्शन’ म्हणून झटकली जातात. एकदा डॉक्टरांनी तपासून हृदय ठीक आहे असं सांगितलं, की मग दगडाशी बोलायला बसू.

तिसरी पायरी : साधे, कोरे प्रश्न

न्यूझीलंडचे डेव्हिड ग्रोव्ह (१९५०–२००८) हे आघात सोसलेल्या माणसांबरोबर काम करायचे. त्यांच्या लक्षात आलं की समोरच्याने ‘दगड’ म्हटल्यावर उपचार करणारा पटकन ‘ओझं’ म्हणून मोकळा होतो, आणि माणसाचं चित्र तिथेच मोडतं. मग त्यांनी १९८०च्या दशकात प्रश्न विचारण्याची एक पद्धत बसवली. माणसाचाच शब्द जसाच्या तसा परत द्यायचा आणि त्याला एक कोरा प्रश्न जोडायचा. त्या धर्तीवर मी मराठीत विचारते ते प्रश्न असे :

कसला दगड आहे तो?
नेमका कुठे आहे?
त्याला आकार आहे का, वजन आहे का?
त्याबद्दल आणखी काही?
तो येण्याआधी काय होतं?
आणि मग पुढे काय होतं?
त्या दगडाचं काय व्हावं असं वाटतं?

प्रश्न इतके सपाट आहेत की पहिल्यांदा ओशाळल्यासारखं होतं. होऊ द्या. एकट्याने करत असाल तर प्रश्न वहीत लिहा आणि उत्तर लिहिण्याआधी दोन श्वास थांबा. ‘हे कशामुळे?’ हा प्रश्न मुद्दामच घेतलेला नाही. ‘कशामुळे’ म्हटलं की माणूस चित्र सोडून कारणं द्यायला लागतो, मग स्वतःची बाजू मांडायला, मग स्वतःला दोष द्यायला.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका उदाहरणावरून सांगते. दोन-तीन जणींच्या बोलण्यातून ते जुळवलं आहे, ओळख कुणाचीच नाही. ताई पन्नाशीच्या अलीकडच्या. आई जाऊन आठ महिने झालेले.

“सकाळी उठल्या उठल्या छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, मॅडम. उठवतच नाही.”

“छातीवर दगड. कसला दगड आहे तो, ताई?”

“कसला म्हणजे?”

“जसा दिसेल तसा सांगा.”

बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. “काळा आहे. चपटा. पाट्यासारखा. आमच्या आईचा पाटा होता ना, तसा. वरवंटा नाही. नुसता पाटा.”

इथे मी चूक केली. मला वाटलं, चित्र इतकं स्पष्ट आलंय तर आता उतरवू या. मी म्हटलं, “तो पाटा थोडा वेळ खाली काढून ठेवता आला तर?” त्या ताठ झाल्या. “नको,” एवढंच म्हणाल्या, आणि उरलेला वेळ आम्ही त्यांच्या झोपेबद्दल आणि गोळ्यांबद्दल बोललो. ओझं म्हणजे उतरवायचंच, हे मी माझ्या मनाने धरून चालले होते. त्यांच्यासाठी तो पाटा म्हणजे आईचं काहीतरी अजून अंगावर असणं होतं, आणि मी तेच काढून घ्यायला निघाले होते.

पुढच्या भेटीत मी ते सरळ बोलून दाखवलं. “मागच्या वेळी मी घाई केली. त्या पाट्याबद्दल आणखी काही सांगावंसं वाटतं का?”

मग त्या भरभरून बोलल्या. पाट्याला टाकी लावायला बाई यायची, छिन्नीने टकटक करत बसायची, बारीक कपच्या उडायच्या म्हणून मुलांना लांब बसवायचे. टाकी लावल्यावर पहिलं वाटण टाकून द्यायचं, कचकच लागते म्हणून. आणि मग : “वाटण झालं की आई पाटा धुऊन भिंतीला उभा करून ठेवायची. आडवा कधी राहू द्यायची नाही.” बोलता बोलता त्या थांबल्या. “माझा आडवाच पडलाय. आठ महिने.”

“आडवाच पडलाय. मग त्याचं काय व्हावं असं वाटतं?”

“टाकायचा नाही. उभा करायचा. लागेल तेव्हा घ्यायचा.”

पाटा उभा करणं हे मला कधीच सुचलं नसतं. मी फार तर दगड फेकून देण्यापर्यंत पोचले असते. त्यांच्या चित्रातच एक रीत होती. वापरायचा, धुवायचा, उभा करायचा. ती रीत त्यांच्या हातांना लहानपणापासून ठाऊक होती.

चौथी पायरी : तुम्ही त्याच्याशी काय करता आहात?

चित्र दिसायला लागलं की त्यात स्वतःला शोधा. गोळा आहे, भुंगा आहे, पाटा आहे. तुम्ही काय करताय? ढकलताय, लपवताय, त्याच्याशी वाद घालताय, त्याच्यापासून पळताय?

बहुतेक वेळा आपण दाबत असतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं सांगितलं, आणि विचार आलाच तर घंटी वाजवायला सांगितली. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर अस्वलाचा विचार करायची मुभा दिली, तेव्हा आधी दाबून धरलेल्यांच्या मनात ते जास्तच आलं. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला रिकामा डबा बांधलेला ज्यांना आठवतो, त्यांना हे लगेच कळेल. तो डबा पाण्याखाली दाबून धरायचा म्हटलं तर दोन्ही हात अडकतात, आणि हात सुटला की तो तोंडावर येतो. सोडून दिला तर शेजारी तरंगत राहतो. पोहायला हात मोकळे मिळतात.

‘स्वीकार आणि बांधिलकी उपचारपद्धती’ म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांवरून जिला ‘अ‍ॅक्ट’ म्हणतात ती, स्टीव्हन हेज आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून घडवली. तिच्यात रूपकांना मोठं स्थान आहे. त्यातली दोन नवख्यांना मी नेहमी सांगते. एक रस्सीखेच. पलीकडे राक्षस, मधे खोल दरी, हातात दोर. तुम्ही जितकं ओढाल तितकं तो ओढतो, आणि तुम्ही दरीच्या काठाकडे सरकता. जोर वाढवण्याखेरीज आणखी एक वाट असते. दोर सोडायचा. राक्षस तिथेच राहतो, ओरडतोही, पण तुमचे हात सुटतात.

दुसरं बसचं. तुम्ही चालक, मागे भावना आणि विचार प्रवासी म्हणून बसलेले. त्यांतले दोन-तीन दांडगे आहेत, सारखे ओरडतात : “इकडे वळव, नाहीतर पुढे येतो!” त्यांना गप्प करायला तुम्ही गाडी थांबवून मागे गेलात की गाडी उभीच राहते. त्यांचं ऐकून वळलात तर त्यांच्या गावाला जाता. ते ओरडत असतानाही पाटीवर लिहिलेल्या गावाकडे गाडी नेता येते का, एवढाच प्रश्न. एसटीने प्रवास केलेल्याला हे चित्र परकं वाटत नाही, म्हणून दुसऱ्या देशातलं असूनही मी ते वापरते. तयार रूपक घ्यायचं तर माझी कसोटी एवढीच आहे. ऐकल्यावर माणसाने त्यात स्वतःहून काही भर घातली, “माझ्या बसमध्ये तर सासरे पहिल्या सीटवर आहेत,” असं काही म्हटलं, तर ते लागू पडलं. नुसती मान डोलावली तर सोडून द्यायचं.

पाचवी पायरी : उद्या सकाळचं एक काम

चित्रातून बाहेर येऊन रोजच्या दिवसात एक तरी गोष्ट बदलली पाहिजे, नाहीतर नुसतं छान बोलणं होतं. पाटा उभा करायचा म्हणजे काय, हे ताईंनीच ठरवलं. रोज संध्याकाळी दिवा लावल्यानंतर अर्धा तास आईसाठी. फोटो, जुन्या साड्या, रडू आलं तर रडू. रविवारी आईच्या हातचा एक पदार्थ. सकाळी छाती जड झाली की हात ठेवून म्हणायचं, “संध्याकाळी घेते तुला,” आणि उठून चहा टाकायचा. पहिल्या आठवड्यात सातपैकी दोन सकाळी हे जमलं. आम्ही ते दोन मोजले.

काम लहान असावं, वेळ आणि जागा ठरलेली असावी, आणि ते रूपकातूनच निघालेलं असावं. ‘सकारात्मक विचार करीन’ हे काम नव्हे. ‘जेवण झाल्यावर दोर सोडायचा, म्हणजे नणंदेच्या मेसेजला रात्री उत्तर द्यायचं नाही’ हे काम आहे.

चुकीचं रूपक चुकीच्या वाटेला नेतं

याबद्दल फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मी जरा थांबून सांगते. रागाला आपण सर्रास कुकर म्हणतो. वाफ कोंडली, शिटी झाली पाहिजे, नाहीतर फुटेल. या चित्राने आपोआप उपाय ठरतो : वाफ काढा, ओरडा, उशीवर बुक्के मारा. २००२ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी ६०० विद्यार्थ्यांवर हे तपासलं. त्यांना आधी राग आणला, मग काहींना राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत गुद्दे मारायच्या पिशवीवर ठोसे मारायला लावलं, काहींना व्यायामाचा विचार करत, आणि काहींना नुसतं शांत बसवलं. त्या माणसाला आठवत ठोसे मारणारे सर्वांत जास्त चिडलेले निघाले. नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक होते. राग म्हणजे वाफ नव्हे, निदान नेहमी नव्हे.

मी त्याऐवजी उतू जाणाऱ्या दुधाचं चित्र सुचवून बघते. दूध वर यायला लागलं की आपण काय करतो? आच कमी करतो, पाण्याचा हबका मारतो, पातेलं खाली उतरवतो. आणि मुख्य म्हणजे दूध तापत असताना तिथून हलत नाही. चिडण्याच्या आधीची पहिली साय कुठे दिसते, कान तापतात का, आवाज बारीक होतो का, हे या चित्रातून लवकर सापडतं.

‘लढाई’ हे चित्रही मी जपून वापरते. आजाराशी झुंज, डिप्रेशनवर विजय. काहींना त्याने बळ मिळतं, त्यांच्याकडून ते काढून घेऊ नये. पण थकलेल्या दिवशी तेच चित्र ‘मी हरलो’ असं सांगायला लागतं, आणि अंथरुणात पडून राहणं म्हणजे पळ काढणं ठरतं. वहीत एखादं रूपक वाचल्यावर स्वतःची लाज वाटायला लागली, तर ते रूपक बदलायला हवं.

लहान मुलांबरोबर

मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं. ऑस्ट्रेलियातले मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी घडवलेल्या कथनात्मक उपचारपद्धतीत अडचणीला मुलापासून वेगळं काढून तिला नाव देतात. मूल वाईट नाही, अडचण वाईट. समजा, मुलाने आपल्या हट्टाला ‘फटाका’ नाव ठेवलं, तर “तू किती हट्टी आहेस” याऐवजी विचारायचं, “आज फटाका कधी आला होता? कोण होतं तेव्हा? तू त्याला कधी फसवलंस का?” नाव मुलानेच ठेवायचं. चित्र काढायला लावा, मातीचं करू द्या. आणि दिवसभर त्या नावाने त्याला चिडवू नका, नाहीतर मूल ते नाव परत तुमच्यापाशी काढणार नाही. मुलाने कुणाला मारलं असेल, तर “फटाक्याने मारलं” म्हणून सुटका नाही. “फटाका आल्यावर हात कसे आवरायचे” हे दोघांनी मिळून शोधायचं.

इथे रूपक वापरू नका

“सगळं संपवून टाकावंसं वाटतं.” “झोपावं आणि उठूच नये.” “मी नसलेलीच बरी.” ही वाक्यं ऐकली की चित्राबद्दल काही विचारायचं नाही. सरळ विचारायचं : “जीव द्यावा असं मनात येतंय का?” असं विचारल्याने ते विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत; उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं बोलायला जागा मिळते. अशा माणसाला एकटं सोडू नका, कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा हाताशी राहू देऊ नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. हे विचार तुमच्याच मनात येत असतील, तर लेख इथेच थांबवून तो नंबर लावा.

घरात मारहाण होत असेल, तर तिला ‘वादळ’ म्हणून त्यात कसं उभं राहायचं हे शिकवणं म्हणजे अन्याय आहे. तिथे हवी असते सुरक्षित जागा आणि १८१ ही महिला हेल्पलाइन. सावकाराचा तगादा असेल, पगार थकला असेल, तर आधी हिशेब आणि कागद. भीती खऱ्या गोष्टीची असेल तर आधी त्या गोष्टीकडे बघायचं.

ज्यांना आवाज ऐकू येतात, किंवा खरं काय आणि मनातलं काय यांतली रेघ पुसट झाली आहे, त्यांच्याबरोबर मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय असली चित्रं रंगवू नका. अपघात, अत्याचार असे आघात झालेल्यांना चित्र उघडताच जुना प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखं होऊ शकतं. तसं झालं तर डोळे उघडा, पाय जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, आणि पुढचं काम तज्ज्ञाबरोबरच करा.

पहिल्या भेटीला जाताना

वही नेलीत तर फार बरं. मनोविकारतज्ज्ञ वैद्यकीय डॉक्टर असतात, औषधं तेच देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. पुष्कळांना दोन्ही लागतं, त्यात कमीपणा नाही, आणि वही सापडली म्हणून चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. समोरचा माणूस इंग्रजीत बोलायला लागला, आणि तुम्हाला ‘अँग्झायटी’ म्हणताना पोटातला गोळा कुठेतरी मागे राहतोय असं वाटलं, तर “मी मराठीत सांगते, चालेल ना?” असं खुशाल विचारा. त्यांनी तुमच्या शब्दाला लगेच दुसरं नाव दिलं, तर “तसं नाही, गोळाच आहे” हे सांगायचाही तुम्हाला अधिकार आहे.

दर ओळीपुढे तारीख घालत जा. दगडाचा पाटा होतो, पाट्याचं कधी गाठोडं होतं, गोळा सैल पडतो नाहीतर वर गळ्याशी सरकतो. हे बदल तुमच्या लक्षात राहणार नाहीत, वहीत राहतील. पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्यावर सुरुवात कुठून करायची ते सुचलं नाही, तर वहीत सर्वांत जास्त वेळा आलेली ओळ तेवढी वाचून दाखवा.